देवाच्या दारातले बूट

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी मला संतबिंत समजायला नको. मिशनरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या साडीतली, मान खाली घालून हळू बोलणारी बाई येते. मी त्यातली नाही. माझा आवाज परळच्या आमच्या चाळीत गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि राग तर कायम नाकावर. आई म्हणते, "देवानं तुला सेवेला बोलावलं खरं, पण बोलावताना कानात बोटं घातली असणार त्यानं."

सात वर्षं मी पूर्व आफ्रिकेतल्या एका डोंगराळ खेड्यात सेवेला होते. मग तीन महिन्यांच्या रजेवर घरी आले, तेव्हा पर्समध्ये एक पत्र होतं. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना लिहिलेलं, चार ओळींचं. मला परत पाठवू नये, असं त्यात होतं आणि कारणही खरं ते लिहिलं होतं: माझ्याकडून आता प्रार्थना होत नाही. देवाबद्दल बोलता येतं, देवाशी बोलता येत नाही. शाळेतली पक्की नोकरी सोडून, सगळ्यांचा विरोध पत्करून गेलेल्या बाईला हे लिहिताना काय वाटलं असेल ते सांगत बसत नाही. पाळकसाहेब नेमके दोन आठवड्यांसाठी नगरला गेले होते. पत्र पर्समध्येच राहिलं.

आता चपलांबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

माझे वडील नगरकडून गिरणीत कामाला आले आणि परळला राहिले. आमची मराठी ख्रिस्ती मंडळी पहिल्यापासून छोटी. दर रविवारी एका जुन्या शाळेच्या हॉलमध्ये आमची उपासना भरते. बाकंबिकं नाहीत. सतरंजी घालायची, पेटी आणि तबला मध्ये ठेवायचा, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. आणि चपला दाराबाहेर. पाळकसाहेबांपासून सगळ्यांच्या. सहा वर्षांची झाले तेव्हा आईने मला दारात उभं केलं आणि सांगितलं, "देवाच्या घरात पायातली घाण न्यायची नाही. कुणी विसरलं तर सांगायचं. आणि चपला एका ओळीत लावायच्या." मी ते काम इतकं मनावर घेतलं की एकदा एका नवरदेवाला दारातच अडवला होता. बायबल वाचायला शिकले त्याच्या आधी मी चपला लावायला शिकले. माझा पहिला धर्म तोच म्हणा ना.

तर अशी मी तिकडे गेले. गावकऱ्यांनी स्वतः खपून चर्चला नुकतीच सिमेंटची जमीन केली होती. पहिला रविवार. बघते तर माणसं सरळ बूट घालून आत! कुणाचे दोन नंबर मोठे, कुणाचे प्लास्टिकचे, एकाच्या बुटाला नाडीऐवजी सुतळी. आणि बाहेर तर लाल मातीचा चिखल. माझ्या अंगावर काटाच आला. मी दारात जाऊन उभी राहिले आणि मोडक्यातोडक्या त्यांच्या भाषेत म्हटलं, "काढा."

ते एकमेकांकडे बघायला लागले. मग एकेकाने काढले. सगळ्यात शेवटी एक म्हातारी आली. काळे बक्कलवाले बूट, इतके चकचकीत की चिखलातून आलेत असं वाटेना. तिने माझ्याकडे बघितलं. चांगलं मिनिटभर. मग वळली आणि समोरच्या आंब्याच्या झाडाखाली जाऊन बसली. बूट पायात तसेच.

मी मनात म्हटलं, हट्टी दिसतेय. बघू किती दिवस बसते ते.

ती सात वर्षं बसली. एक रविवार चुकवला नाही. पाऊस असो, ऊन असो, म्हातारी आपली झाडाखाली. आम्ही आत गाणं सुरू केलं की ती बाहेरून गायची, तेही आमच्याहून मोठ्या आवाजात. मला त्याचा आणखीच राग यायचा.

आत मात्र माणसं घटत गेली. भरलेलं चर्च वर्षा-दोन वर्षांत पंधरा-वीस जणांवर आलं. मला वाटायचं, यांचा विश्वासच कच्चा. मग मी आणखी कडक झाले. मोशेला जळत्या झुडपापुढे पायतण काढायला लावलं होतं, ते तर माझं हुकमाचं पान. वर्षातून तीनदा तरी तोच उपदेश. तोंडाने देवाचं गाणं म्हणायचे आणि डोळे दारात. कोण आलं, कुणी काढले, कुणी नुसते झटकून आत आणले. डोळे मिटून प्रार्थना करायला घेतली तरी मिटल्या डोळ्यांपुढे बूटच. हळूहळू प्रार्थना आटली. विहिरीचं पाणी कसं आटतं, एका दिवसात कळत नाही, तसं. एक दिवस बादली खाली टाकली आणि ती रिकामी वर आली.

रजेवर येऊन आठवडा होतो न होतो तोच तिकडच्या दवाखान्यातून फोन आला. त्या म्हातारीच्या हृदयाची झडप बदलायची होती. ऑपरेशन मुंबईत ठरलं होतं, आमच्या परळलाच, चाळीपासून चालत दहा मिनिटांवर. ती आणि तिची मुलगी येणार होत्या. आणि तिने तिकडे सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "राहायची काळजी नाही. तिथं टीचरचं घर आहे." तिकडे मला टीचर म्हणतात.

मी कपाळावर हात मारला. सात वर्षं माझ्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही, आणि आता म्हणे टीचरचं घर!

"येऊ दे की," आई म्हणाली. ऐंशी वर्षांची आहे, गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. "पाहुणी आहे. तुझी चिडचिड घाल चुलीत."

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. म्हातारी चार पायऱ्या चढायची, थांबायची, छातीवर हात ठेवायची. शेवटी गॅलरीत पोचली तेव्हा शेजारच्या मालवणी काकूंनी धावत खुर्ची आणली आणि मलाच झापलं, "अगो, आधी पाणी दी तिका, मगे इचार काय ता!"

पाणी पिऊन ती आमच्या दाराशी आली. पायात तेच काळे बूट. आईने बोटाने खाली चपलांकडे दाखवलं. म्हातारीने माझ्याकडे बघितलं, त्या पहिल्या रविवारी बघितलं होतं तस्संच. मी मान फिरवली. ती वाकली, बूट काढले आणि आत आली.

पुढचे चार दिवस तपासण्या. हॉस्पिटलातून आली की ती गॅलरीत खुर्ची टाकून बसायची आणि नुसती बघायची. आमच्या चाळीत बघायला काय कमी आहे? पण ती बघत होती दारं. प्रत्येक दाराबाहेर चपला. काकूंकडे मोठ्या ऑफिसात असलेला त्यांचा भाचा आला, टायबिय लावून, त्याने बूट बाहेर काढले. पोलिसातला जावई आला, त्याने काढले. एक दिवस पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला नगरसेवक चार कार्यकर्ते घेऊन आला, आईला नमस्कार करायला आमच्या दारात थांबला, आणि तोही कोल्हापुरी चपला काढूनच आत आला.

"हा कोणाचा नोकर?" म्हातारीने विचारलं.

"नोकर कसला! मोठा माणूस आहे," मी म्हटलं.

"मोठा माणूस," ती पुटपुटली आणि परत त्या चपलांकडे बघत राहिली.

मग रविवार आला. ऑपरेशन मंगळवारी होतं. पाळकसाहेब नगरहून परतले होते आणि उपासनेनंतर पत्र द्यायचं मी ठरवलं होतं. त्यांना फोनवर म्हटलंही होतं, तुम्हाला काहीतरी द्यायचंय. म्हातारी म्हणाली, मी पण येणार. तिची मुलगी दमून झोपली होती, म्हणून आई, मी आणि ती, अशा तिघी टॅक्सीने गेलो.

हॉलच्या दाराशी चपलांच्या तीन ओळी. अजूनही ओळीतच लावतात. आमच्या पुढेच पाळकसाहेब पोचले होते. त्यांनी भिंतीला हात टेकून आधी एक बूट काढला, मग दुसरा, मोजेसुद्धा काढून बुटात कोंबले आणि अनवाणी आत गेले.

म्हातारी जागच्या जागी थांबली. "ते पाळक?"

"हो."

"तुमचे पाळक? तेही?"

"अगं हो, सगळेच."

आणि ती हसायला लागली. इतकी हसली, इतकी हसली की मला भीती वाटली, आता इथेच त्या झडपेचं काहीतरी होणार. मी तिला धरून पायरीवर बसवलं. आई विचारतेय काय झालं, काय झालं, आणि मला काही कळेना. म्हातारीने डोळे पुसले.

"टीचर," ती म्हणाली, "म्हणजे ही तुझ्या आईच्या घरची रीत होती! आणि आम्हाला वाटलं, देवानेच सांगितलंय!"

मग तिने सांगितलं. तिच्या गावात माणसं चर्चला निघतात ती अनवाणी. बूट हातात नाहीतर डोक्यावर. डोंगराखालच्या ओढ्यावर पाय धुवायचे, पुसायचे, खडकाळ वाटेने वर चढायचं, आणि चर्चच्या दाराशी आलं की बूट घालायचे. चिखलाचा एक कण लागू द्यायचा नाही. शेतात अनवाणी, बाजारात अनवाणी, पण देवासमोर बुटात.

"माझी आई गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर काम करायची," ती म्हणाली. "मी लहान होते, तिच्यासोबत जायचे. साहेब बुटात, मडम बुटात, पाहुणे बुटात. दाराशी अनवाणी व्हायचं ते फक्त आम्ही. मोठी झाले, स्वतःचे बूट घेतले, तेव्हाच ठरवलं होतं, हे घालून जायचं ते देवाच्या घरी. तिथे मी नोकर नाही. आणि मग तू समुद्र ओलांडून आलीस आणि दारात उभी राहून म्हणालीस, काढ."

मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. तो चिखल! मी त्या दिवशी त्यांच्या बुटांना चिखल लागलाय की नाही, हे बघितलंसुद्धा नव्हतं. म्हातारीचे बूट चकचकीत का होते, हा प्रश्न सात वर्षांत मला एकदाही पडला नव्हता.

"अगं, मग मला सांगायचंस ना!" मी जवळजवळ ओरडलेच.

"तुला?" ती म्हणाली. "तुला काही सांगायला तोंड उघडलं, की तुझं उत्तर आधी तयार असतं."

"आणि एवढा अपमान झाला तर दर रविवारी येऊन झाडाखाली बसायचीस कशाला?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं वर्गातल्या सगळ्यात ढ मुलीकडे बघतात. "देव काय तुझा एकटीचा आहे? तुझ्याशी माझं वाकडं होतं, त्याच्याशी नव्हतं. मी त्याच्यासाठी यायचे. तू दारात उभी होतीस, एवढंच."

मी मिशनरी. विश्वास धरून ठेवायला मला समुद्रापार पाठवलेलं. आणि सात वर्षं त्या गावात विश्वास धरून बसली होती ती ही, आंब्याखाली, पावसात भिजत. मी पायांवर लक्ष ठेवून होते आणि तिने देवावरचं लक्ष एक रविवार हलू दिलं नव्हतं. मी ढसाढसा रडले, रस्त्यावरची माणसं बघत होती तरी. आणि रडता रडता माझ्या तोंडून दोनच शब्द गेले, "देवा, चुकले." किती दिवसांनी मी त्याच्याशी बोलत होते! त्याच्याबद्दल नाही, त्याच्याशी.

म्हातारीने माझ्या पाठीवर थोपटलं. मग सावकाश वाकून स्वतःचे बूट काढले आणि ओळीत, अगदी सरळ लावून ठेवले. "तुझ्या आईचं घर," ती म्हणाली. "तुझ्या आईची रीत." आणि आत गेली.

आमच्याकडे उपासनेत साक्ष द्यायची पद्धत आहे. देवाने काय केलं ते उभं राहून सांगायचं. त्या दिवशी मला पुढे बोलावलं तेव्हा सगळ्यांची अपेक्षा होती, बाई तिकडच्या विजयाच्या गोष्टी सांगणार. मी सगळं खरं सांगितलं. चपला, बूट, गोऱ्या साहेबाचा बंगला, आंब्याचं झाड, पर्समधलं पत्र, सगळं.

आणि बायकांच्या बाजूला आई उठायला लागली. तिचं उठणं म्हणजे एक सोहळाच. आधी एक हात जमिनीवर, मग दुसरा शेजारणीच्या खांद्यावर. मला वाटलं, बाथरूमला जायचं असेल. ती लंगडत दारापर्यंत गेली, बाहेर वाकली, आणि म्हातारीचे काळे बूट दोन्ही हातांनी उचलून आणले. जिने मला चपला लावायला शिकवलं, जिने आयुष्यात कधी कुणाला दाराच्या आत बूट आणू दिले नाहीत, ती माझी आई! पदराने तिने ते पुसले आणि सतरंजीवर म्हातारीच्या पुढ्यात ठेवले.

"घाल बाई," ती म्हणाली. "इथं नोकर कुणी नाही."

पुरुषांच्या बाजूने एक ज्येष्ठ पंच खाकरले. "अहो, पण सतरंजी..."

"सतरंजी धुता येते," आई म्हणाली.

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण गरज नव्हती. म्हातारीने बूट घातले, बक्कल लावलं आणि ताठ उभी राहिली. पेटीवाल्याने काय विचार केला देव जाणे, त्याने सरळ सूर धरला. जुनंच गाणं, जगभर ज्याची एकच चाल आहे असं. आम्ही मराठीत गात होतो आणि ती तिच्या भाषेत, आमच्या सगळ्यांवर ताण करत. तोच आवाज, जो सात वर्षं मला बाहेरून यायचा. आता तो आत होता.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी विचारलं, "मला काहीतरी द्यायचं होतं म्हणालात?"

"ते गेलं," मी म्हटलं. "मंगळवारी हिचं ऑपरेशन आहे. प्रार्थना करा."

पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी सोमवारी हॉस्पिटलात न्यायच्या सामानाची यादी लिहिली: टॉवेल, थर्मास, मोजे, साबण. चार ओळींच्या पत्राचा तेवढा तरी उपयोग झाला.

मंगळवारी दिवसभर मी, तिची मुलगी आणि आई हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसलो होतो. मी प्रार्थना केली. मोठमोठे शब्द सुचलेच नाहीत. नुसतं म्हणत राहिले, हिला ठेव, देवा, हिला ठेव, हिला अजून आत यायचंय. दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, झडप छान बसली. मालवणी काकूंनी ऐकल्या ऐकल्या पेज पाठवली, आणि लालबागच्या देवाला बोललेला नारळही फोडून आल्या. मी काही बोलले नाही. पूर्वीची मी असते तर बोलले असते.

शुद्धीवर आल्यावर म्हातारीने पहिली मागणी काय केली? बूट कुठायत. नर्सशी भांडून मी ते तिला दिसतील असे कॉटच्या पायथ्याशी ठेवले.

ती परत गेली आणि महिन्याभराने माझी रजा संपली. निघायच्या आधी आई म्हणाली, चल दादरला. उन्हातान्हात तीन दुकानं पालथी घातली तिने. दुकानदार सारख्या चपला दाखवतोय आणि आई म्हणतेय, "चपला नकोत हो, बूट. काळे. बक्कलवाले. हिला देवाच्या घरी जायचंय."

तिकडे पोचल्यावरच्या पहिल्या रविवारी मी ओढ्यापर्यंत अनवाणी गेले. माझे पाय शहरातले, खडे असे टोचत होते की विचारू नका. ओढ्यावर बायका पाय धूत होत्या. मी त्यांच्या शेजारी बसून पाय धुतले, पुसले, बूट हातात घेतले आणि त्यांच्यासोबत चढ चढले. चर्चच्या दारात बरीच माणसं जमली होती. म्हातारीने गावभर सांगितलं असणार. मी पायरीवर उभी राहिले, त्याच जागी जिथून "काढा" म्हटलं होतं, आणि म्हटलं, "मी चुकले. माझ्या आईच्या घरची रीत मी देवाच्या नावावर खपवली. मला माफ करा."

शाळेत वीस वर्षं शिकवलं मी. वर्गापुढे हे वाक्य कधी म्हटलं नव्हतं.

मग मी बूट घालायला वाकले. नव्या बुटाचं बक्कल ताठ, काही केल्या लागेना. म्हातारी पुढे आली, खाली बसली आणि तिने ते लावलं. "चल," ती म्हणाली. "उशीर होतोय."

चर्च भरलं. मागे उभं राहायलाही जागा उरली नाही. सिमेंटच्या जमिनीवर एवढ्या बुटांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि गाण्याच्या तालावर ते बूट वाजायला लागले तेव्हा छताचे पत्रे हादरत होते. खिडकीतून आंब्याचं झाड दिसत होतं. त्याच्याखाली कुणी नव्हतं.

मी डोळे मिटले आणि प्रार्थना केली, मोठ्याने, माझ्या परळच्या आवाजात. किती वेळ ते ठाऊक नाही. सगळं संपून माणसं बाहेर पडली, डोंगर उतरायला लागली, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं: आज मी एकाच्याही पायांकडे बघितलं नव्हतं.